पांढरे ते वर्ज्य

नाशिक रोड,
१० फेब्रुवारी २०२५

ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत म्हणून कागदावरच घातला आहे. तिथे तरी पूर्ण घातला असं समज.

काल फोनवर तू नुसतं "हं, हं, बरं" करत होतीस, तेव्हाच ओळखलं की दाजी शेजारी आहेत. तुमच्या घरात रेंज यावी ती फक्त ओट्यावर, आणि ओट्यावर दाजींची खाट. म्हणजे पेशंटपासून लपवायचं ते सगळं पेशंटच्या उशाशी बसून बोलायचं. त्यापेक्षा तुमच्या गावच्या रवीची पिकअप बरी. टोमॅटो घेऊन नाशकात येतो आणि रिकामा परत जातो. आता पत्रं नेईल.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते लिहितो. जानेवारीत दाजींच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती, तो भाग कापून तिथे कापडी नळी बसवली. ती नळी ठणठणीत आहे. दुखावलाय तो तिचा शेजारी. त्या रक्तवाहिनीला लागून, खाल्लेल्या अन्नाचा रस वर वाहून नेणाऱ्या केसासारख्या नळ्या असतात. त्यांतली एखादी ऑपरेशनात फाटली. तो रस रक्तात जायचा सोडून पोटाच्या पोकळीत झिरपतो आहे. म्हणून घरी आल्यावर तीन आठवड्यांनी पोट नगाऱ्यासारखं झालं, आणि म्हणून परवा सुई घालून साडेतीन लिटर काढलं ते दुधासारखं निघालं. परवा फोनवर ऐकून तू "अगंबाई, यांनी प्यालेलं सगळं दूध!" म्हणालीस, ते सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले, पण फार चुकीचं नाही म्हणाले.

आता मुद्दा. खाण्यातूनच त्या नळीचं काम कमी केलं, तर फाटलेली जागा आपोआप बुजते. बऱ्याच जणांची बुजते. महिनाभर वाट पाहायची. नाही बुजली तर तोंडाने खाणं बंद आणि शिरेतून अन्न. त्यानेही नाही भागलं तर पुन्हा पोट उघडायचं. "पण तेव्हा ते दुसऱ्या ऑपरेशनाइतके उरलेले असतील का, ते मला आज सांगता येत नाही," हे त्यांचे शब्द. मी भर घातलेली नाही. त्या रसाबरोबर अंगातली ताकदच वाहून जाते म्हणे. तेव्हा सगळी मदार तुझ्या चुलीवर आहे.

पथ्याचा कागद तीन पानी आहे आणि इंग्रजी. तो माझ्याकडेच ठेवला आहे. तू उगाच घाबरशील. दवाखान्यासमोर चहा घेताना मी त्याचं सूत्र केलं. तुला लहानपणी सूत्रं पाठ करून दाखवायचो, त्यातलंच समज: "पांढरे ते वर्ज्य." दूध, तूप, लोणी, साय, खवा, खोबरं. बाहेर पांढरं येतंय तेव्हा आत पांढरं जाऊ द्यायचं नाही. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे, भिंतीवर लाव. भाष्य सवडीने पाठवतो.

सोबत दवाखान्याने दिलेली तेलाची बाटली आहे. रोज चार चमचे. ते का, हेही भाष्यात. आणि रोज सकाळी बेंबीवरून दोरा घेऊन पोट मोजत जा. दोरा आखूड होत गेला पाहिजे.

तुझा,
नवनाथ

*

घरून,
१४ फेब्रुवारी

चि. नवनाथ,

आशीर्वाद. गुडघे शेकत जा, नुसते कागदावर वाकवू नकोस.

सूत्र स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वर लावलंय. सासूबाई म्हणाल्या, "काय देवाचं लिहिलंय ते वाच." वाचलं तर म्हणाल्या, "मंग आपला इठोबा बरा, काळा हाय." त्यांचं अंथरुणातूनही सगळीकडे लक्ष असतं.

दूध, तूप तर त्याच दिवशी बंद केलं. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. भात बंद. साबुदाणा, साखर, मुरमुरे, सगळं बंद. चहा कोरा, गुळाचा. यांना रोज एक अंडं उकडते. पांढरं काढून शेजारच्या राजूच्या कुत्र्याला, पिवळं तेवढं यांना. बाजरीची भाकरी, मटकी, आणि शेंगदाण्याची चटणी. वरून कच्चं तेल सोडते, मग घशाखाली उतरते. ताकद तर राहिली पाहिजे ना. वांग्याच्या भाजीतही कूट जास्त घालते.

हे काल म्हणाले, "पांढरं लय वाईट, तर मग माझी दाढी पण काढून टाक." काढली. आता म्हणतात, "एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या चिमणीखाली तीस वर्षं काढली, सगळं काळं खाल्लं, तेव्हा काय नाय झालं बघ." बिडीचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

तेलाच्या बाटलीवर नारळाचं चित्र आहे. खोबरं तर तू वर्ज्यात घातलंस. मग द्यायचं की नाही? मी अजून उघडली नाही. भाष्य पाठव म्हणजे कळेल.

दोरा पहिल्या दिवसापेक्षा एक बोट पुढे गेलाय. एक बोट म्हणजे काही फार नाही, नाही का?

वेदिकाला पुण्याला काही कळवू नकोस. पोरीने जानेवारीत सगळी रजा संपवली. बाबा बरे आहेत एवढंच सांगते मी.

प्रतिभा

*

नाशिक रोड,
१८ फेब्रुवारी

ताई,

सूत्रकारापेक्षा टीकाकार कडक असतो हे आम्हाला शिकवलं होतं, पण तू तर मुरमुऱ्यांनाही सोडलं नाहीस. माझ्या वर्गात तुझ्यासारखा एक विद्यार्थी असता तर मी या शाळेतून संतुष्ट मनाने निवृत्त झालो असतो. बत्तीस पोरांना दरवर्षी एकच गोष्ट सांगतो, नियम कळला की उदाहरणं आपली आपण सुचतात. कोणालाही सुचत नाहीत. तुला सुचली.

राजूच्या कुत्र्याचं मात्र भलं झालं. आमच्या वाट्याला असं पथ्य कधी येणार? आणि ती चटणी रवीबरोबर थोडी इकडेही पाठव. नुसतं वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. माझ्या एकट्याच्या स्वयंपाकात सहा महिने शेंगदाणा दिसलेला नाही.

तेलाचं विचारून सांगतो. तोवर बाटली कपाटात राहू दे. दहावीची परीक्षा एकवीस तारखेला सुरू होते आहे, पर्यवेक्षणाचा पहिला बळी नेहमीप्रमाणे संस्कृतचा शिक्षक. ती धामधूम उरकली की भाष्य.

एका बोटाची काळजी करू नकोस. दोरा ओढून घट्ट धरलास की सैल, त्याचाही फरक पडतो. दाजींना सांग, दाढीशिवाय ते तीस वर्षांनी लहान दिसत असतील. एकलहऱ्याचे लोक पुन्हा कामावर बोलावतील.

नवनाथ

*

घरून,
२७ फेब्रुवारी

चि. नवनाथ,

चटणीचा डबा मिळाला असेल. भाष्य आलं नाही.

दोरा चार बोटं वाढलाय. मी घट्ट धरते, सैल धरते, दोन्ही करून पाहिलं. यांना जुनाच दोरा दाखवते, नवीन पदराखाली ठेवते. त्यांना कळतं की नाही माहीत नाही. काल नाडी बांधताना म्हणाले, "दोरा कमी होतोय आनि नाडी पुरंना. प्रतिभा, तू दोरा मोजतीस का मला?" मी म्हटलं, गप्प पडून राहा.

पाय सुजलेत. दंड मात्र एवढेसे झालेत. दोन पावलं चालले की दम लागतो.

काल शिवरात्र होती. नको म्हटलं तरी उपास धरला, शंकराशी यांचं जुनं आहे. साबुदाणा पांढरा, भगर पांढरी, दोन्ही चालत नाही. मग शेंगदाण्याची आमटी केली दाट, आणि शेंगदाणे-गुळाचे लाडू. दोन लाडू खाल्ले, बरं वाटलं पाहून. संध्याकाळी पोट इतकं ताणलं की उताणं झोपवेना.

मला खरं सांग, हे असंच व्हायचं असतं का? आधी वाढतं आणि मग उतरतं?

तुझ्याकडे आणायचं तर आणते म्हणजे रवीबरोबर पाठवते. सासूबाईंना एकटं टाकून मला निघता येत नाही, त्यांना कुशीवरसुद्धा वळवावं लागतं. तू राहशील ना यांच्याजवळ?

प्रतिभा

*

नाशिक रोड,
२८ फेब्रुवारी

ताई,

असंच व्हायचं नसतं. दोरा वाढतो आहे म्हणजे गळती चालू आहे. उद्याच पाठव. पोटाखाली उशी देऊन कुशीवर झोपवून आण म्हणावं रवीला, आणि वणीच्या पुढे रस्ता खराब आहे, सावकाश.

मी राहतो. शाळेला कळवलं आहे. दहावीची पोरं माझ्याशिवायही कॉपी करू शकतील.

नवनाथ

*

दवाखाना, नाशिक,
४ मार्च

ताई,

काळजी करशील म्हणून क्रमाने लिहितो.

आल्या दिवशी सहा लिटर काढलं. पोट बसलं, दाजींना रात्रभर झोप लागली. दुसऱ्या दिवसापासून तोंडाने सगळं बंद केलं आहे, घोटभर पाणी सोडून. मानेजवळच्या शिरेत नळी घातली आहे, तिच्यातून चोवीस तास अन्न चालू. शिवाय तो रस आटावा म्हणून दिवसातून तीनदा पोटाच्या कातडीत इंजेक्शन.

ते शिरेतलं अन्न एका मोठ्या पिशवीत असतं आणि ते दुधासारखं पांढरंशुभ्र आहे. दाजींनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "मास्तर, हे चालतंय का तुमच्या सूत्रात?" नर्स हसली. तीही त्यांना आता मास्तरांचे दाजी म्हणते.

वजन एक्कावन्न भरलं. एवढं पोट धरून एक्कावन्न.

इथे आहार ठरवणाऱ्या अंजलीबाई आहेत, वेदिकापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. घरी काय काय खात होते ते त्यांनी विचारलं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. घरच्यांनी फार मनापासून केलंय, असं म्हणाल्या.

दाजी दिवसभर समोरच्या पेशंटला जेवताना पाहतात. काल म्हणाले, "तुझ्या बहिनीच्या हातचा भात खाऊन महिना झाला."

नवनाथ

*

घरून,
८ मार्च

नवनाथ,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

मनापासून केलंय असं त्या बाई म्हणाल्या. बरोबर केलंय असं म्हणाल्या का?

तेलाची बाटली तशीच कपाटात आहे. तुझं भाष्य आलं नाही आणि आता तू त्याचं नावही काढत नाहीस. पत्रात तुझा विनोद एकही नव्हता, होते ते सगळे यांचे होते. म्हणून विचारते.

माझं काही चुकलं का? चुकलं असेल तर सांग. मला इथे भिंतींशी बोलत बसायचं असतं दिवसभर, खरं माहीत असलेलं बरं.

प्रतिभा

*

दवाखाना,
११ मार्च

ताई,

तुझं काही चुकलं नाही. तू बरोबर केलंस. मनात काही आणू नकोस.

आता नीट वाच. जांघेतल्या गाठीतून औषध सोडून गळतीची जागा शोधायची असं ठरलं होतं. त्या औषधानेच कधी कधी ती बुजते. काल ते करणार होते. पण परवा थंडी वाजून ताप आला. रक्तात जंतू गेले आहेत. मानेतली नळी बदलली, औषधं चालू केली, तपासणी पुढे ढकलली. डॉक्टर म्हणतात, अंगात झुंजायला काही शिल्लक असायला हवं होतं.

शेजारच्या झुंबरबाईंना सासूबाईंजवळ बसव. रवी आज थांबलाय, त्याच्याबरोबर ये. वेदिकाला मी फोन केला आहे. रागावलीस तरी चालेल.

दाजी शुद्धीवर आहेत. मधूनच एकलहऱ्याच्या पाळ्या लावतात, कोणी तरी कामावर आलं नाही म्हणून चिडतात.

ये.

नवनाथ

*

घरून,
३ एप्रिल

नवनाथ,

तू तेराव्याला आलास, पंगतीत वाढलंस, सगळ्यांशी बोललास, माझ्याशी मात्र तासभरही बसला नाहीस. म्हणून लिहिते.

सतरा तारखेला हे गेले, त्याला आज सतरा दिवस झाले. पाडव्याला गुढी उभारली नाही. सासूबाई विचारतात, "कोंडाजी ड्युटीवरून आला का?" मी हो म्हणते.

वेदिकाने दवाखान्याची फाइल आणली होती. ती रोज वाचत बसते. परवा मला म्हणाली, "आई, यात लिहिलंय, घरी पथ्य पाळलं गेलं नाही, आहारात तेलाचे पदार्थ भरपूर. तू काय खायला घालत होतीस बाबांना?" मी सांगितलं. भाकरी, चटणी, अंड्याचं पिवळं, लाडू. ती म्हणाली, "शेंगदाणे? रोज? आई, शेंगदाण्यात निम्मं तेल असतं. तुला कोणी सांगितलं हे?" मी म्हटलं, दवाखान्यातून सांगितलं होतं. तर म्हणाली, "खोटं बोलू नकोस."

घर धुतलं तेव्हा भिंतीवरचा कागद मी काढून ठेवला होता. तिने तो पाहिलेला नाही. मी दाखवलाही नाही.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं तर उचलून स्वतःच्या हाताने दुसरं वाढून घेते. माझ्या हातचं खात नाही, नवनाथ.

मी आठ मार्चला तुला एक प्रश्न विचारला होता. तू अकराला उत्तर दिलंस. तोच प्रश्न परत विचारते. त्या अंजलीबाई काय म्हणाल्या होत्या?

प्रतिभा

*

नाशिक रोड,
५ एप्रिल

ताई,

तुला उत्तर देतो.

तीन मार्चला सकाळी अंजलीबाई वही घेऊन आल्या आणि घरचं खाणं विचारलं. मी म्हटलं, अहो, आमच्या बहिणीसारखं पथ्य कोणी पाळलं नसेल. खिशातून तुझं चौदा फेब्रुवारीचं पत्र काढलं आणि वर्गात वाचतो तसं मोठ्याने वाचलं. भात बंद, साखर बंद, मुरमुरे बंद. कुत्र्याच्या वाक्यावर मी थांबलो, त्या हसतील म्हणून. त्या लिहायच्या थांबल्या होत्या. दाजी पलंगावरून कौतुकाने ऐकत होते.

बाहेर नेऊन त्यांनी विचारलं, "सर, आम्ही दिलेला कागद कुठे आहे?" माझ्या पिशवीतच होता. त्यांनी दुसरं पान उघडलं. तिथे दोन रकाने आहेत. खायचं आणि टाळायचं. खायचं त्यात भात पहिला. साखर, साबुदाणा, मुरमुरे, साय पूर्ण काढलेलं दूध, अंड्यातलं पांढरं. टाळायचं त्यात शेंगदाणे, सगळी नेहमीची तेलं, अंड्यातलं पिवळं. तो रस पांढरा दिसतो तो तेलातुपामुळे. खाण्याचा रंग कोणता, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि ती बाटली: ते तेल त्या फाटलेल्या नळीच्या वाटेने न जाता सरळ रक्तात जातं, म्हणून तेवढंच एक त्यांना चालणार होतं.

तू जे जे काढून टाकलंस ते त्यांना हवं होतं. जे वाढलंस ते पोटात साठत गेलं. त्या म्हणाल्या, "घरच्यांनी फार मनापासून केलंय, सर. त्यांना हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, काहीतरी गैरसमज झाला असावा. फाइलमध्ये मग त्यांनी जे लिहिलं ते लिहिलं. सूत्र माझं होतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी ते दुसरं पान वाचलेलं नव्हतं. पहिलं पान वाचता वाचता चहा आला आणि सूत्र सुचलं. सूत्र सुचलं की मला पुढचं वाचवत नाही. आपल्याला सगळं कळलं असं वाटतं. आयुष्यभर असंच वाचत आलो आहे. आजवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

आणि तू चटणीचं लिहिलं होतंस. तुझं पत्र आत्ता समोर आहे. ते शब्द मी वाचले होते. मला काय सुचलं, तर डबा मागवण्याचं. तो डबा मी परीक्षेच्या दिवसांत पोळीबरोबर खाऊन संपवला. तू तेलाचं विचारलंस, भाष्य मागितलंस. कागद माझ्या टेबलावर होता, हाताच्या अंतरावर.

अकरा मार्चला तुझ्या प्रश्नाला जे उत्तर दिलं त्यातलं एकच वाक्य खरं होतं. तुझं काही चुकलं नाही.

वेदिकाला मी सगळं सविस्तर पत्राने कळवतो. आज रात्रीच लिहायला बसतो. काही लपवणार नाही. तिचा तुझ्यावरचा राग नाहीसा होईल, एवढं तरी मला करू दे.

नवनाथ

*

घरून,
९ एप्रिल

नवनाथ,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं की पत्र फार चांगलं लिहिलंय, आणि पुन्हा राग आला.

भात बंद केला त्या दिवशी माझ्याच मनात आलं होतं की आजारी माणसाला भात नको हे कुठलं पथ्य. बाळंतिणीला देतो, तापकऱ्याला देतो. पातेलं हातात घेऊन उभी होते. मग भिंतीकडे पाहिलं. तुझं अक्षर होतं. चाळीस वर्षं संसार केला, दोन माणसांची दुखणी काढली, आणि मी माझ्या हातातल्या पातेल्यापेक्षा तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. तेव्हा निम्मं माझ्याकडे राहू दे. ते काय करायचं ते मी बघेन. तू ते काढून घेऊ नकोस.

माफ केलं का, असं तू विचारलं नाहीस. बरं केलंस.

वेदिकाला पत्र लिहू नकोस. लिहिलं असशील तर फाड. पत्रात तू नेहमी चांगला दिसतोस. "मी चुकलो" असं तू लिहिलंस तरी वाचणाऱ्याला तुझीच दया येते, मला आली. तिला ती यायला नको. तिचा बाप गेलाय.

समोर बसून सांग. दुसरं पान वाचलं नव्हतं, एवढंच सांग, साध्या शब्दांत. संस्कृत नको. मग ती बोलेल ते ऐक. ती तुला काहीही बोलेल, तिची जीभ बापाची आहे. मधे बोलू नकोस, हसवू नकोस, पाणी प्यायला उठू नकोस. तिने तोंड फिरवलं तर फिरवू दे. तिला मामा एकच आहे. तो यापुढे ठेवायचा की नाही हे तिने ठरवायचं. मी मधे पडणार नाही. तुझ्या बाजूने नाही आणि तिच्या बाजूनेही नाही.

आणि माझा राग घालवायला म्हणून येऊ नकोस. ती चुकीच्या माणसावर रागावलीय, तेवढ्यासाठी ये.

ती रविवारी सकाळच्या गाडीने पुण्याला परत जाते. मग दिवाळीपर्यंत येणार नाही, कदाचित दिवाळीलाही नाही.

उत्तर पाठवू नकोस. ये.

प्रतिभा